नेटवर्कचे प्रतिमान व कार्यक्षमता-विश्लेषण

नेटवर्कवर किती भार आला तर पॅकेटला (माहितीच्या छोट्या तुकड्याला) किती उशीर होईल, किती पॅकेट गळतील आणि दर सेकंदाला प्रत्यक्षात किती माहिती पलीकडे पोहोचेल, याचा गणिताने किंवा सिम्युलेशनने (संगणकावरच्या नकलेने) आधीच अंदाज बांधण्याचे शास्त्र.

त्याची मुळे टेलिफोनमध्ये आहेत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये कॉल कसे येतात याचे गणित मांडले आणि १९१७ मध्ये एक्स्चेंजला किती लाइन पुरतील ते काढण्याची सूत्रे दिली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लेनर्ड क्लाइनरॉक यांनी रांगांचा हा सिद्धांत संदेशवहनाच्या जाळ्यांना लावला. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर संदेशाची लांबी नव्याने ठरते असे त्यांनी गृहीत धरले. खरे तर वाटेत कुठलाच संदेश लांब-आखूड होत नाही. तरीही अनेक प्रवाह जिथे मिसळतात तिथे उत्तर बऱ्यापैकी जुळते.

सर्वांत साध्या प्रतिमानात एकच रांग आणि एकच लिंक, म्हणजे पॅकेट पुढे नेणारी जोडणी, असते. पॅकेट यादृच्छिक येतात आणि त्यांची लांबीही यादृच्छिक असते. लिंक सेकंदाला सरासरी १,००० पॅकेट पाठवू शकते असे समजू. ५०० पॅकेट येत असतील तर प्रत्येकाला सरासरी २ मिलिसेकंद लागतात, ९०० आली तर १०, आणि ९९० आली तर १००. शेवटच्या टप्प्यात भार जेमतेम दहा टक्के वाढला, उशीर मात्र दहापट. लिंक ‘अजून पूर्ण भरलेली नाही’ म्हणून निर्धास्त राहणारा इथेच फसतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार येण्याचा दर गुणिले सरासरी वेळ म्हणजे आत असलेली सरासरी पॅकेट: ९०० च्या वेळी ९, ९९० च्या वेळी ९९. बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवण्याची जागा, किती ठेवायचा याचा पहिला अंदाज इथून मिळतो, पण पहिलाच. रांग सरासरीच्या कितीतरी पुढे जाते.

प्रतिमान खोटे ठरते ते बहुधा गृहीतकापाशी. बेलकोर या अमेरिकी टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेतल्या इथरनेटवरील (संगणक जोडणाऱ्या स्थानिक जाळ्यावरील) मोजणीतून १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात दिसले, की पॅकेट झुंडीने येतात, आणि मिलिसेकंदांऐवजी मिनिटांत मोजले तरी चढउतार सपाट होत नाहीत. टेलिफोनच्या गणितात असे चढउतार लवकर विरतात. त्यामुळे जुन्या सूत्रांनी आखलेले बफर अपुरे पडू शकतात.

सूत्र हाती लागत नाही तिथे एनएस-३ किंवा ओम्नेट++ यांसारखे सिम्युलेटर वापरतात. घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारते: पॅकेट आले, निघाले, टाकले गेले. चित्र हुबेहूब दिसते, म्हणून त्यावर चटकन विश्वास बसतो. पण सुरुवातीला सगळ्या रांगा रिकाम्या असतात. तो काळ हिशेबात धरला तर उशीर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. एकाच यादृच्छिक बीजावर (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिच्यापासून सुरू होते त्या संख्येवर) चालवलेल्या एकाच फेरीचा आलेखही तितकाच बेभरवशाचा.