पन्नास रुपयांपासून सातबाऱ्यापर्यंत: पोटगीची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कोर्टात पोटगीचा अर्ज पडला की नवऱ्याच्या लेखी म्हणण्यात दोन वाक्ये सहसा चुकत नाहीत. पहिले: अर्जदार स्वतःहून माहेरी निघून गेली, सामनेवाला (म्हणजे नवरा) तिला नांदवायला आजही तयार आहे. दुसरे: शेती वडिलांच्या नावावर आहे, सामनेवाल्याला स्वतंत्र उत्पन्न नाही. पोटगीच्या कायद्याने दीडशेहून अधिक वर्षांत जी वळणे घेतली, त्यातली बरीचशी या दोन वाक्यांपायी घेतलेली आहेत.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला तेव्हा नवरा-बायकोचे तुटणे हा पंचांचा मामला होता. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळात आर्थर स्टील याने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती गोळा केल्या, त्या १८२७ मध्ये छापल्या गेल्या. पाट (बाईचे दुसरे लग्न) आणि काडीमोड (घटस्फोट) अनेक जातींत सर्रास चाले. पंचांपुढे हिशेब व्हायचा तो लग्नखर्चाचा, दागिन्यांचा आणि पोरे कोणाकडे राहणार याचा. सातपुड्यात भिल्ल-पावऱ्यांकडे देज (मुलीच्या बापाला दिलेली रक्कम) कोणी परत करायचे, हा मुख्य प्रश्न. काय ते एकदाच देऊन-घेऊन मोकळे व्हायचे. दर महिन्याला रक्कम मोजायची, ही कल्पना त्या हिशेबात बसत नव्हती. ज्या जातींत काडीमोडच नव्हती, तिथल्या टाकलेल्या बाईला दिवाणी कोर्टात अन्नवस्त्राचा दावा लावण्यावाचून मार्ग नसे.

महिन्याची पोटगी आली ती १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून. बायकांचा कळवळा हे त्यामागचे कारण नव्हते. पोसणारे कोणी नसलेली माणसे भीक मागतील, गुन्हेगारीकडे वळतील, ही सरकारची काळजी होती. म्हणून जात-धर्म न विचारता मॅजिस्ट्रेटला अधिकार मिळाला: ऐपत असून बायको-मुलांना पोसत नाही त्याच्याकडून महिन्याला ५० रुपयांपर्यंत घ्या. १८९८ च्या संहितेत हेच कलम ४८८ झाले. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पडले, तरी मर्यादा पन्नासचीच होती. १९२३ मध्ये ती १०० झाली, १९५५ मध्ये ५००. पुढे १९७४ पासून नवी संहिता लागू झाली, कलम १२५ आले, पण आकडा ५०० वरच अडकला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये तो १,५०० केला आणि २००१ मध्ये संसदेने मर्यादाच काढून टाकली. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे केळीचा बागायतदार असो की सालदार (सालाने राबणारा गडी), मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात दोघांच्याही बायकांची धाव पाचशेपर्यंतच. उत्पन्न किती, या प्रश्नाला तेव्हा फारसा अर्थही नव्हता.

खान्देश मुंबई प्रांतात असल्याचा एक फायदा इथल्या बायकांना झाला. मुंबई सरकारने १९४६ मध्ये हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा. देशभरचा हिंदू विवाह कायदा यायला १९५५ उजाडले. त्या कायद्याच्या कलम २४ आणि २५ ने नवरा-बायको दोघांनाही पोटगी मागता येते. नांदेडच्या एका प्रकरणात शिक्षिका असलेल्या बायकोने नवऱ्याला अंतरिम पोटगी द्यावी, हा आदेश औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम ठेवला. तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या, पण कायद्यात ती सोय पहिल्यापासून होती.

द्विभार्या बंदीची दुसरी बाजू मात्र कडू निघाली. मुलगा होत नाही म्हणून दुसरी करण्याची रीत कायद्याने थांबली नाही; फक्त दुसरीचे लग्न कागदावर शून्य ठरले. १९८८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा बाईला कलम १२५ खाली पोटगी नाकारली. २०१३ मध्ये ते न्यायालय वेगळ्या जागी येऊन थांबले: पहिले लग्न लपवून दुसरीला फसवले असेल, तर त्या फसवणुकीचा फायदा नवऱ्याला घेऊ द्यायचा नाही. सारे माहीत असून लग्नाला उभी राहिलेल्या बाईचे काय, ते तिथे सुटले नाही.

आता ते पहिले वाक्य. कोर्टाच्या आवारात ते अहिराणीत ऐकू येते, ‘मी तिले नांदवाले तयार शे’. कायदा आधीपासून सांगत होता की बायको का नांदत नाही, याचे कारण मॅजिस्ट्रेटने तपासावे. १९४९ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले की नवऱ्याने दुसरे लग्न केले असेल किंवा बाई ठेवली असेल, तर न नांदण्याला ते पुरेसे कारण आहे. १९७४ च्या संहितेने आणखी दोन गोष्टी केल्या. घटस्फोटितेला, तिने पुन्हा लग्न केलेले नसेल तोवर, ‘पत्नी’ धरले. आणि बायको राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करू दिला. माझ्या मते खान्देशासाठी ही दुरुस्ती सगळ्यांत मोलाची. नवरा सुरतेला लूमवर आणि बाई शहाद्याजवळ माहेरी, अशी घरे इथे कमी नाहीत. तिने तारखेला सुरतेला जायचे तर बसभाड्यातच पोटगी संपायची. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले: नवऱ्याने नांदायला येण्याचा हुकूमनामा मिळवला आणि बाई गेली नाही, एवढ्यावरून पोटगी आपोआप बुडत नाही.

मुस्लिम बायकांची वाट शहाबानो प्रकरणातून गेली. इंदूरच्या त्या बाईला मॅजिस्ट्रेटने महिन्याला २५ रुपये दिले होते, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केले, आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. एवढ्याशा रकमेवरून देश ढवळून निघाला. १९८६ मध्ये मुस्लिम घटस्फोटितांसाठी वेगळा कायदा आला, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा उदार अर्थ लावला आणि जुलै २०२४ मध्ये निकाल दिला, की कलम १२५ मुस्लिम घटस्फोटितेलाही खुले आहे. मधला एक निकाल खान्देशाला जवळचा. इथली प्रकरणे ज्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात, तिथल्या पूर्णपीठाने २००२ मध्ये सांगितले की पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना ‘मी तलाक दिला आहे’ असे नुसते लिहून चालणार नाही, तो शाबीत करावा लागेल.

आकडा ठरवण्याची आजची रीत ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालातून आली. मूळ प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयाचे. दोघांनीही मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हे त्यातले दोन मोठे मुद्दे. पाहायचे काय? लग्नघरातले राहणीमान, दोघांचे शिक्षण आणि कमाई, मुले, संसारासाठी सोडलेली नोकरी, नवऱ्यावर असलेली इतर माणसे. ‘पगाराचा चौथा हिस्सा’ हे पारावरचे गणित २०१७ च्या एका निकालातून पसरले; तो आकडा त्या प्रकरणापुरता होता, नियम नव्हे. तसेच ‘डीएड झालेली आहे, कमवू शकते’ हे. कमवू शकणे वेगळे आणि कमवत असणे वेगळे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच म्हटले आहे.

वकिलांच्या टेबलावर फारसा बोलला न जाणारा भाग म्हणजे रजनेश निकालाला जोडलेला शेतकऱ्यांसाठीचा स्वतंत्र नमुना. जमीन किती आणि त्यात स्वतःचा हिस्सा किती, ओलिताची की कोरडवाहू, वर्षात कोणती पिके घेतली, तीन वर्षांत उत्पन्न किती, बटाईने जमीन घेतली आहे का, गाई-म्हशी-शेळ्या किती, जमिनीवर कर्ज आहे का, असे सगळे त्यात विचारले आहे. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात याने दुसऱ्या वाक्याची हवा जाते. सातबारा बापाच्या नावावर असेना का, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा आता शपथेवर सांगावा लागतो, आणि व्यापाऱ्याच्या पट्टीवर (मालाच्या हिशेबाच्या पावतीवर) किंवा बँकेच्या खात्यावर पोराचे नाव निघाले की कोर्ट त्यावरून अंदाज बांधू शकते. कापसाचे तसे नाही. बोंडअळीने आणि भावाने मारलेल्या वर्षी नवऱ्याची रड खरीही असते.

पंचांची रीत यात कुठे गेली? गेली नाही, स्टॅम्पपेपरवर आली. स्टॅम्पवर फारकत लिहितात आणि शेवटी ‘पुढे पोटगी मागणार नाही’ अशी ओळ घालतात. हिंदू विवाह कायद्याने रूढीची काडीमोड जिवंत ठेवली आहे हे खरे, पण ती रूढी कोर्टात शाबीत करावी लागते. आणि पोटगीचा हक्क सोडून देणारा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे.

१ जुलै २०२४ पासून कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले, गाभा तोच. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा, हेही तसेच. धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी बाईची भिस्त याच कलमावर असते, कारण केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तिच्या लग्नाची नोंद बहुधा नसते. पण या कलमाखाली लग्नाचा काटेकोर पुरावा मागायचा नाही, हे १९९९ पासून ठरलेले आहे, त्यामुळे रेशनकार्ड आणि पोराच्या शाळेच्या दाखल्यावरचे बापाचे नाव घेऊनही ती अर्ज करू शकते.