भाकरी थापताना लहान मेंदू काय करतो?

पहिल्यांदा भाकरी थापायला बसलेल्या माणसाचे सगळे लक्ष बोटांवर एकवटलेले असते, तरीही कड जाड राहते, मध्ये चीर पडते आणि तव्यावर टाकताना भाकरी तुटते. काही महिन्यांनी तोच माणूस गप्पा मारत भराभर भाकऱ्या थापू लागतो. या बदलात मोठा वाटा असतो तो डोक्याच्या मागच्या बाजूस, मानेच्या जरा वर असलेल्या अनुमस्तिष्काचा, म्हणजेच लहान मेंदूचा.

‘लहान’ हे विशेषण मला नेहमीच अन्यायकारक वाटत आले आहे. वजनाने तो संपूर्ण मेंदूच्या जेमतेम एक दशांश भरतो, हे खरे. पण ब्राझीलच्या चेताशास्त्रज्ञ सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांच्या गटाने २००९ मध्ये पेशींची मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा मानवी मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात असल्याचे दिसून आले.

त्यातल्या बहुतेक पेशी अतिशय बारीक असतात. त्यांचे तंतू जाऊन भिडतात ते पुर्किन्ये पेशींना. झेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये वर्णन केलेल्या या पेशीच्या फांद्या पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या एकाच प्रतलात पसरतात आणि एकेका पेशीला लाखाहून अधिक तंतू स्पर्श करतात. शिवाय खालून येणारा एकच जाड तंतू तिला वेलीसारखा वेढतो. हालचाल चुकली की तिची वर्दी हा तंतू देतो आणि त्यानुसार इतर जोडण्यांचा जोर कमी-जास्त होतो, असे बहुतेक संशोधक मानतात.

हे काम किती बिनबोभाट चालते, ते इथेच अनुभवता येते. हा मजकूर स्थिर धरून मान वेगाने डावी-उजवीकडे हलवा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून मजकूर तितक्याच वेगाने हलवा, अक्षरे फिसकटतात. मान हलली की डोळे तेवढेच उलट दिशेने फिरवणारी यंत्रणा मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात असते आणि तिचे माप अचूक राखतो अनुमस्तिष्क.

पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या भागाला जखमा झालेल्या सैनिकांना ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी बारकाईने तपासले. मोठ्या मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू सांभाळतो. अनुमस्तिष्काचा उजवा भाग मात्र उजवीच बाजू सांभाळतो. त्यामुळे उजव्या बाजूला इजा झालेल्या होम्स यांच्या एका रुग्णाचा डावा हात आपसूक चाले, उजव्याची मात्र प्रत्येक हालचाल त्याला आधी मनात जुळवावी लागे आणि हात वळवताना तो मध्येच थबके.