मुसार

मुसार ही ज्यू धर्मातील चारित्र्य घडवण्याची साधना. स्वभावातले दोष एकेक करून हेरायचे आणि रोजच्या सरावाने ते काढत राहायचे, हे तिचे स्वरूप. ‘मुसार’ या हिब्रू शब्दात शिस्त, शिकवण आणि कानउघाडणी असे तिन्ही अर्थ आहेत; हिब्रू बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकाच्या आरंभीच तो येतो. १९व्या शतकात लिथुएनियात याच नावाची चळवळ उभी राहिली.

या साधनेत नम्रतेचे स्थान वरचे, आणि सगळ्यांत अडचणीचेही. हिब्रूत तिला ‘अनावा’ म्हणतात. त्याच बायबलमधील गणना या पुस्तकात प्रेषित मोशेला (मोझेसला) पृथ्वीच्या पाठीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हटले आहे. हाच मोशे इजिप्तच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहतो, लोकांसाठी देवाशी हुज्जत घालतो. तेव्हा अनावा म्हणजे मान खाली घालून गप्प बसणे नव्हे. १२व्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमॉनिडीझ एरवी प्रत्येक गुणात मध्यम मार्ग धरायला सांगतात. गर्वाच्या बाबतीत मात्र माणसाने नम्रतेच्या टोकालाच जावे, असे त्यांचे मत. तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या चर्चाग्रंथात, एक मत असेही आहे की विद्वानाच्या अंगी आठव्या हिश्शाचा आठवा हिस्सा, म्हणजे एक चौसष्टांश, अभिमान असावा. त्याच तालमुदात एक मजेशीर संवाद आहे. रब्बी (ज्यू धर्मगुरू) यहूदा गेले आणि नम्रता संपली, असे कोणी म्हणताच राव योसेफ त्याला अडवतात: नम्रता संपली असे म्हणू नकोस, मी आहे ना! जपायला गेले की हातून निसटणारा हा गुण आहे, हे यापेक्षा नेमके सांगता येणे कठीण.

परिपूर्णतेकडे जाण्याच्या पायऱ्याही तालमुदातच सांगितल्या आहेत. रब्बी पिन्हास बेन याईर यांच्या नावावरील वचनानुसार सावधपणातून तत्परता येते, तिच्यातून निर्मळपणा, आणि असे चढत चढत नम्रता, पापभीरुता व पावित्र्य येते. इटलीतील पादुआ येथे जन्मलेले मोशे हाइम लुझ्झात्तो यांनी याच शिडीवर ‘मेसिलात येशारिम’ हा ग्रंथ बेतला. तो १७४० मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला आणि मुसार वाङ्मयात आजही सर्वाधिक वाचला जातो.

चळवळीचे प्रवर्तक इस्राएल सालांतर (मृत्यू १८८३). वाईट काय हे ठाऊक असूनही माणूस तेच का करतो, हा त्यांचा मूळ प्रश्न. नुसत्या समजुतीने स्वभाव बदलत नाही, म्हणून ग्रंथ मोठ्याने, आर्त सुरात, एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोळवत वाचावा, असे ते सांगत. व्यापारी आणि कारागिरांनाही यात ओढावे म्हणून त्यांनी व्हिल्न्यात (आजचे व्हिल्नियस) वेगळे मुसारगृह काढले. १८०८ मधील ‘हेश्बोन हानेफेश’ हे मेनाहेम मेंडेल लेफिन यांचे पुस्तक सालांतरांच्या प्रेरणेने पुन्हा छापले गेले. त्यातला तक्ता बेंजामिन फ्रँकलिनवरून घेतलेला होता: १३ गुण, प्रत्येक आठवड्याला एक, चुकले की त्या दिवसाच्या चौकटीत खूण. वर्षात चार फेऱ्या होत. अमेरिकन मुद्रकाची ही वही लिथुएनियातल्या रब्बींच्या हाती पडावी, हा योगायोग थोडका नव्हे.

सालांतरांची एक गोष्ट नेहमी सांगतात. कोणाकडे जेवायला गेले असता त्यांनी विधीपूर्वक हात धुताना अगदी बेताचे पाणी वापरले. भरपूर पाणी घेणे हे धर्मनिष्ठेचे लक्षण असताना असे का, असे विचारल्यावर ते म्हणाले, पाणी विहिरीवरून मोलकरीण वाहून आणते. तिच्या खांद्यावर भार टाकून मला पुण्य नको.

पुढे वाटा फुटल्या. केल्म येथील सिम्हा झिसेल झिव यांचा भर शांतपणावर आणि नेटकेपणावर होता. नोवारडोकला योसेफ योझेल होरोविट्झ यांनी १८९६ मध्ये काढलेल्या येशिवात (तालमुद शिकवणाऱ्या पाठशाळेत) अहंकार मुळासकट उपटायचा होता. तिथली मुले औषधाच्या दुकानात जाऊन मुद्दाम खिळे मागत. दुकानदार वेड्यात काढी, गिऱ्हाइके हसत. लोक काय म्हणतील या भीतीतून सुटण्याचा हा सराव. स्लाबोद्कात नोसोन झ्वी फिंकेल यांनी नेमके उलटे धरले. माणूस ईश्वराच्या प्रतिमेचा आहे, त्याने आपले मोठेपण ओळखावे, स्वच्छ आणि नीटस कपड्यांत वावरावे. ते स्वतः मात्र येशिवाच्या प्रमुखपदी दुसऱ्याला बसवून मागे राहत. दोन्हींपैकी स्लाबोद्काची वाट अधिक टिकाऊ वाटते. आपल्या शून्यपणाचे प्रदर्शन मांडले की त्यातही चढाओढ लागतेच.

चळवळीला विरोधही कडवा झाला. तालमुदाच्या अभ्यासाचा वेळ यात वाया जातो, तोरा (ज्यूंचे धर्मशास्त्र) पुरेशी नाही असे यातून सूचित होते, असा आक्षेप होता. १८९७ मध्ये लिथुएनियातील काही रब्बींनी तो जाहीरपणे मांडला.

स्लाबोद्का येशिवाची शाखा १९२४ मध्ये पॅलेस्टाइनमधील हेब्रोनला गेली. १९२९ च्या कत्तलीत तिचे अनेक विद्यार्थी मारले गेले आणि ती जेरूसलेमला हलली. लिथुएनियातली मूळ केंद्रे नाझी संहारात नष्ट झाली. विरोध पुढे मावळला तो तडजोडीने: आजही लिथुएनियन परंपरेच्या येशिवांत दिवसाकाठी साधारण अर्धा तास मुसारसाठी राखलेला असतो, आणि मुलांच्या वर्तनावर लक्ष ठेवायला ‘मश्गियाह’ नेमलेला असतो. बाकी सारा दिवस तालमुदाचा.