पार्ल्याची पोटनिवडणूक आणि जहाल भाषणाचा हिशेब

प्रचारात नेते विरोधकांवर इतके का घसरतात? टाळ्या मिळतात, बातमी होते, हे आहेच. पण त्याहून मोठं कारण व्यवहाराचं आहे: भाषणाचं पीक आठवड्यात हाती येतं, शिक्षेची वसुली झालीच तर वर्षांनी होते.

विलेपार्ल्याचा खटला पाहा. डिसेंबर १९८७ मध्ये तिथे पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू जिंकले. प्रचारात बाळासाहेब ठाकरेंची तीन भाषणं झाली होती. पराभूत काँग्रेस उमेदवार प्रभाकर कुंटे यांनी ही निवड रद्द व्हावी म्हणून याचिका केली. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ साली आलेलं कलम १२३(३अ) धर्म, जात, भाषा यांवरून वैर पसरवणं हे निवडणुकीतलं ‘भ्रष्ट आचरण’ मानतं. उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये निवड रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ ला ते कायम केलं. तोवर ती विधानसभा विसर्जित होऊन दोन सार्वत्रिक निवडणुका उरकल्या होत्या आणि राज्यात युतीचं सरकार होतं. याच भाषणांपायी ठाकरेंचा मताधिकार गेला तो थेट जुलै १९९९ मध्ये. याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच सांगतो!

११ डिसेंबर १९९५ लाच, अशाच दुसऱ्या याचिकेतून शिवसेनेचे मनोहर जोशी मात्र सुटले. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल, हे त्यांचं वाक्य न्यायालयाला मतांचं आवाहन न वाटता निव्वळ आशा वाटली. वकिलांच्या सल्ल्याने भाषण करणाऱ्याला एवढी फट पुरते.

याचिका पडते ती बहुतेकदा किरकोळ वाटणाऱ्या जागी. निकालापासून ४५ दिवसांत ती दाखल व्हायला हवी. बोलणारा उमेदवार नसेल, तर उमेदवाराची संमती सिद्ध करावी लागते. ध्वनिफितीसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. केरळच्या एका याचिकेत २०१४ साली प्रचाराच्या सीडी याच कारणाने बाद झाल्या. फौजदारी वाट धरली, तर समाजगटांत वैर पसरवण्याच्या गुन्ह्याच्या, म्हणजे दंड संहितेच्या कलम १५३अ (आता भारतीय न्याय संहितेचं १९६) खाली सरकारची मंजुरी आल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही. भाषण सत्ताधाऱ्याचं असेल, तर ती फाइल कोणत्या टेबलावर झोपते ते सांगायला नको.

आणि ‘अमक्याला आडवा करू’ ही थेट धमकी? ती १२३(३अ) मध्ये बसतच नाही, कारण तिथे दोन समाजगटांतलं वैर लागतं. १२३(४) ला चारित्र्याबद्दलचं खोटं विधान हवं. उरतो धमकीचा साधा गुन्हा आणि निवडणूक आयोगाची प्रचारबंदी. एप्रिल २०१९ मध्ये आयोगाने योगी आदित्यनाथांना ७२ तास गप्प बसवलं, मायावतींना ४८.