बटण कधी दाबायचे? पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्याचे नियम

नागपुरात बर्डीच्या व्हरायटी चौकात वाहतूक पोलीस आणि दुचाकीस्वाराची बाचाबाची झाली, की आजूबाजूचे मोबाईल वर होतात. त्या साऱ्या चित्रणांत भांडणाचा उत्तरार्ध असतो. वाद कसा पेटला हे कुणाकडेच नसते, कारण तो पेटेपर्यंत मोबाईल काढावा असे कुणाला वाटलेले नसते. पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा नेमकी हीच उणीव भरून काढू शकतो.

हा कॅमेरा नुसता चालू असतानाही चित्र टिपत असतो. मात्र ते साठवत नाही. पाटीवर लिहावे आणि मागचे पुसत जावे, तशी शेवटची साधारण 30 सेकंद तो तात्पुरत्या मेमरीत फिरवत राहतो. काही मॉडेलमध्ये ही मुदत दोन मिनिटांपर्यंत वाढवता येते. रेकॉर्डिंगचे बटण दाबले, की मागची ती 30 सेकंद फाइलच्या सुरुवातीला जोडली जातात. अनेक कॅमेऱ्यांत या तुकड्याला आवाज नसतो, आणि वादात आवाजच महत्त्वाचा ठरतो. आधी शिवी कुणी दिली, दमदाटी कुणी केली, हे मूक चित्रातून कळत नाही. म्हणून गाडी थांबवण्यासाठी हात वर करण्याआधीच बटण दाबायला हवे. वाद सुरू झाल्यावर दाबलेले बटण उशिराच दाबलेले असते.

या बटणाचे महत्त्व प्रयोगांनीही दाखवले आहे. कॅलिफोर्नियातील रिआल्टो या छोट्या शहरात 2012-13 मध्ये काही पाळ्यांना कॅमेरे दिले, काहींना दिले नाहीत. कॅमेऱ्याच्या पाळ्यांत बळाचा वापर जवळपास निम्म्यावर आला आणि शहरातील पोलिसांविरुद्धच्या तक्रारी आदल्या वर्षापेक्षा सुमारे 88 टक्क्यांनी घटल्या. जगभर कॅमेऱ्यांची खरेदी सुरू झाली ती यानंतर. पण 2017 मध्ये वॉशिंग्टन शहरातील दोन हजारांहून अधिक पोलिसांवरच्या मोठ्या चाचणीत लक्षात घेण्याजोगा फरक दिसलाच नाही. या कोड्याची उकल करणारा धागा केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांच्या गटाने 2016 मध्ये मांडला होता. अनेक ठिकाणचे प्रयोग एकत्र तपासताना त्यांना दिसले, की जिथे कॅमेरा सुरू ठेवण्याचा नियम काटेकोर पाळला गेला तिथे बळाचा वापर 37 टक्क्यांनी कमी झाला. जिथे कॅमेरा कधी सुरू करायचा हे पोलिसाच्या मर्जीवर राहिले, तिथे मात्र बळाचा वापर 71 टक्क्यांनी वाढला. दोन्हीकडे उपकरण होते. नियम पाळला जातो की नाही, एवढाच फरक होता.

त्यामुळे ‘आवश्यकता वाटल्यास रेकॉर्डिंग करावे’ असे वाक्य कुठल्याही आदेशात आले, की तो आदेश तिथेच फसला असे आम्ही मानतो. नियमाने प्रसंगांची नावे घेतली पाहिजेत: नाकाबंदीत वाहन अडवणे, 112 या आपत्कालीन क्रमांकावरचा कॉल स्वीकारणे, झडती, अटक, जमाव पांगवणे. यात कॉल स्वीकारताच, म्हणजे गाडी निघतानाच बटण दाबायचे. घटनास्थळी उतरल्यावर हात मोकळे नसतात आणि डोकेही. समोरच्याला ‘रेकॉर्डिंग सुरू आहे’ हे मराठीत किंवा हिंदीत मोठ्याने सांगायचे. बंद करताना कारण कॅमेऱ्यासमोरच बोलायचे, ‘जखमीला मेडिकल रुग्णालयात दाखल केले, डॉक्टर तपासत आहेत, बंद करतो’ इतके पुरे.

अपवादही तितकेच नेमके हवेत. दवाखान्यातील तपासणी, खबऱ्याशी बोलणे आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितेशी पहिली भेट यांचे नियम वेगळेच लागतात. पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे, बालकांबाबत पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे बंधन आहे. असे चित्रण झालेच, तर त्याला त्याच दिवशी प्रतिबंधित अशी खूण करून पाहणाऱ्यांची यादी दोन-तीन नावांपुरती ठेवावी.

कॅमेरा छातीच्या मध्यावर, शर्टाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या पातळीवर बसवतात. खाली सरकला की माणसांचे गळे आणि गाड्यांचे हँडल तेवढे दिसतात. पावसाळ्यात रेनकोट भिंगावर येतो, म्हणून क्लिप रेनकोटच्या बाहेर लावण्याची सोय हवी. हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चा अडवला जातो तेव्हा पहिल्या फळीतल्या शिपायाच्या कॅमेऱ्यात समोरच्याचा सदरा आणि झेंड्याची काठी एवढेच येते. तिथे उंचावर उभा असलेला वेगळा कॅमेरा लागतोच.

भिंगाची मर्यादा तर पाहणाऱ्यालाही शिकवावी लागते. 120 अंशांहून रुंद भिंगात समोरचा माणूस प्रत्यक्षापेक्षा दूर भासतो. धावताना चित्र हलते आणि साधी ढकलाढकलीही झटापट वाटते. शिवाय ज्याच्या छातीवर कॅमेरा असतो तो स्वतः चित्रात दिसत नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीच घटना अंगावरच्या आणि गाडीतल्या कॅमेऱ्यातून लोकांना दाखवली. अंगावरचे चित्रण पाहणाऱ्यांना ते कृत्य पोलिसाने हेतुपुरस्सर केले असे कमी वाटले. म्हणून निष्कर्ष काढण्याआधी चौकातल्या सीसीटीव्हीचे चित्रण शेजारी ठेवून पाहावे. आणि बळाचा वापर झाला असेल, तर संबंधित पोलिसाने आधी आठवणीतून टिपण लिहावे, मग चित्रण पाहावे. क्रम उलटला की आठवण आणि चित्रण एकमेकांत मिसळतात, मग वेगळे काढता येत नाहीत.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करावे लागते. कलम 185 खालच्या, म्हणजे तपासात वॉरंटशिवाय घेतलेल्या झडतीची नोंद 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवी. हे चित्रण न्यायालयात टिकण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. त्याच्या भाग ‘अ’ आणि भाग ‘ब’ अशा दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली 2020 मध्येच, जालन्याच्या निवडणूक वादातील खोतकर प्रकरणात स्पष्ट केले होते.

हॅश म्हणजे फाइलमधील प्रत्येक बिटवरून गणिताने काढलेली संख्या. एसएचए-256 या पद्धतीत ती 64 अक्षर-अंकांची असते. फाइलमध्ये एक बिट बदलला तरी पूर्ण संख्या बदलते. इथेच चूक होते. हवालदार साहेबांना दाखवण्यासाठी क्लिप व्हॉट्सॲपवर टाकतो, ॲप ती दाबून लहान करते, आणि नंतर कुणीतरी घाईत तीच प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन दोषारोपपत्राला जोडते. चित्र तेच दिसते, हॅश जुळत नाही, आणि बचाव पक्षाचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. म्हणून कॅमेरा थेट डॉकमध्ये, म्हणजे चार्ज करून फाइली उतरवणाऱ्या खाचेत लावावा, डॉकने फाइल उतरवतानाच हॅश काढावा, आणि पोलिसाला पुसण्याचा किंवा कापण्याचा अधिकारच नसावा. लांबलचक चित्रण कॅमेरा तुकड्यांत साठवतो. प्रत्येक तुकड्याचा हॅश वेगळा असतो, तो प्रत्येकाचा लिहावा.

घड्याळाकडे कुणाचे लक्ष जात नाही. साध्या क्वार्ट्झ घड्याळात दहा लाखांत 20 भागांची चूक असली, तर ते दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळपास 50 सेकंद सरकते. स्टेशन डायरीतील अटकेची वेळ आणि पडद्यावरची वेळ यांत मिनिटाचा फरक पडला, की सगळ्याच नोंदी संशयास्पद वाटू लागतात. डॉक प्रत्येक वेळी घड्याळ जुळवतो, पण कॅमेरा रोज डॉकमध्ये गेला तरच.

नागपूरच्या उन्हाळ्याचा वेगळा विचार हवा. मे 2013 मध्ये इथे 47.9 अंश तापमान नोंदले गेले आहे, आणि लिथियम-आयन बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असे उत्पादक सांगतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक दिवसांत, भर उन्हातून आणलेला कॅमेरा तसाच डॉकमध्ये खोचला, की एकतर चार्जिंग थांबते किंवा बॅटरीचे आयुष्य घटते. आधी 20-25 मिनिटे सावलीत, पंख्याखाली ठेवावा. बंद जीपच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नये.

साठवणुकीचा हिशेब साधा आहे. सेकंदाला 4 मेगाबिट दराने तासाला 1.8 जीबी होतात. 100 कॅमेऱ्यांनी रोज 3 तास चित्रण केले तर दिवसाला 540 जीबी, महिन्याला 16 टीबी. सगळेच कायम ठेवणे परवडत नाही, म्हणून गुन्ह्याशी किंवा तक्रारीशी जोडलेले चित्रण निकाल लागेपर्यंत ठेवावे आणि बाकीचे ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप पुसले जावे. मात्र पाळी संपताना डायरी क्रमांकाची खूण करायची राहिली, तर गुन्ह्याचे चित्रणही नेहमीच्या गस्तीत जमा होऊन मुदत संपताच जाते.

नियम पाळले जातात का, हे तपासायला चित्रण पाहत बसायची गरज नाही. आठवड्यातून एकदा ठाणेदारांनी 112 च्या कॉलची यादी आणि त्याच पाळीतल्या फाइलींची यादी समोरासमोर ठेवावी. ज्या कॉलसमोर फाइल नाही, तिथे त्या पोलिसाकडून त्याच दिवशी लेखी कारण घ्यावे. बॅटरी संपली असे उत्तर आले, तर डॉकच्या नोंदीत ती पाळीच्या सुरुवातीला किती टक्के होती हे लिहिलेले असते.