रिकामे घरटे

शिक्षण, नोकरी किंवा लग्नासाठी मुले घराबाहेर पडली की आईवडिलांच्या मनात अभिमान, हुरहूर, सुटका आणि त्या सुटकेबद्दलची टोचणी एकदमच दाटून येते. या अवस्थेला ‘रिकामे घरटे’ म्हणतात. ही संज्ञा इंग्रजीतून आली. पुण्यातल्या घरांत मात्र ‘पिल्लं उडाली’, ‘घर खायला उठतं’ असेच बोलले जाते. हा आजार नाही आणि मानसिक आजारांच्या अधिकृत वर्गीकरणांत त्याची नोंदही नाही.

पुण्यात मूल घराबाहेर जाते ते सहसा ठरवून. क्लास, प्रवेश परीक्षा, कर्जाचे कागद, व्हिसाची मुलाखत असे करत दोन-तीन वर्षे सारे घर त्या एका दिवसासाठी राबते. म्हणून रडू आले तर ‘आपणच तर पाठवलं’ असे वाटते, आणि मोकळे वाटले तर ‘आई असून मोकळं कसं वाटतं?’ असे. दोन्ही भावना खऱ्या असतात. त्यांतली एक खोटी ठरवू पाहणारे पालक जास्त कष्टी होतात. शैक्षणिक कर्जात वडील बहुधा सहकर्जदार असतात, त्यामुळे त्यांच्या अभिमानात हप्त्याची काळजीही मिसळलेली असते. ती त्यांनी जोडीदाराजवळ तरी बोलून दाखवावी.

मुलीच्या लग्नात पाठवणी असते. ओटी भरली जाते, मांडव रडतो आणि त्या रडण्याला मान असतो. शिकायला निघालेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी असा विधी नाही. देवाला नमस्कार, हातावर दही-साखर आणि ‘जातो नाही, येतो म्हण’, इतकेच. उरलेला सगळा निरोप मग सामानात भरला जातो. बॅगेवरून होणारी भांडणे बहुतेक वेळा बॅगेची नसतात, हे घरातल्यांनी ओळखावे.

तरी बॅग नीट भरलीच पाहिजे. अमेरिकेच्या प्रवासाला अनेकदा प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. तिकिटावरची मर्यादा पाहून घरच्या काट्यावर २२ किलोलाच थांबावे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला मोठ्या बॅगेत घालावा. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलिलीटरपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते. लोणचे हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेतही चालत नाहीत, कारण तेलकट खोबरे आपोआप तापून पेटू शकते. लांब पल्ल्याची बहुतेक विमाने मुंबईहून आणि त्यांतली बरीच रात्री उशिरा सुटतात. अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. घाटातली कोंडी आणि विमानाआधीचे तीन तास धरले, तर पुण्यातून आठ-नऊ तास आधी निघावे. घाई झाली की बॅग विमानतळावर सर्वांसमोर उघडावी लागते, आईच्या हातचा डबा बाहेर निघतो आणि परतीच्या गाडीत तिच्याच मांडीवर येतो. तो प्रवास फार जड जातो.

नंतरचे काही आठवडे स्वयंपाकघर सर्वांत अवघड. हात चौघांच्या कणकेला सरावलेला असतो, पोळ्या उरतात आणि उरलेली पोळी पाहून पोटात कालवते. यावर साधा उपाय म्हणजे कणकेचे मापच बदलणे: नेहमीच्या भांड्याऐवजी वाटी घ्यावी आणि दुधाची एक पिशवी पहिल्याच दिवशी कमी करावी. मुलाची खोली मात्र घाईने आवरू नये. पहिल्या सुट्टीपर्यंत पलंग आणि कपाट तसेच ठेवावे, पण दार बंद करू नये. रोज खिडकी उघडून तिथे वाचन, शिवण, रियाझ असे काहीतरी करावे. कुलूप लावलेली खोली दुःख धरून ठेवते.

फोनची वेळ ठरवताना घड्याळ समजून घ्यावे. पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे आठ आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. तिथली घड्याळे वर्षातून दोनदा बदलतात. नोव्हेंबरात अमेरिकेतला ठरलेला फोन अचानक तासभर उशिरा येतो आणि इकडे जीव टांगणीला लागतो. कॅलेंडरवर ती तारीख आधीच लिहून ठेवावी. आठवड्यातून दोन ठरलेले फोन आणि मध्ये एखादा फोटो किंवा निरोप बहुतेकांना पुरतो. रोज तासभराच्या व्हिडिओ कॉलचा दोन्हीकडे ताण होतो. ‘जेवलास का?’ याच्यापुढे बोलणे जात नसेल, तर आपल्या दिवसातले काही सांगावे.

दोघांचे दुःख एकाच वेळी येईल असे नाही. आईला ते अनेकदा लगेच जाणवते, आणि त्याच सुमारास रजोनिवृत्तीमुळे झोप बिघडलेली असते. वडील नोकरीत गुंतलेले असतात. राज्य सरकारी सेवेतून ५८ व्या वर्षी बहुतेक जण निवृत्त होतात, तेव्हा त्यांना घराची शांतता पहिल्यांदा ऐकू येते. तोवर आई सावरलेली असते.

पुण्याचे वेगळेपण असे, की इथे एक खोली रिकामी होते आणि शेजारची भरते. सदाशिव पेठ, नवी पेठ भागात स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाडा-विदर्भातून आलेली मुले राहतात; त्यांचे रिकामे घरटे तिकडे गावी असते. अनेक पालक मुलाची खोली अशा विद्यार्थ्याला देतात. दिवा लागतो, जिन्यावर पावले वाजतात, याचा आधार मोठा आहे. पण तो भाडेकरू आहे, बदली मूल नव्हे. भाडेकराराची नोंदणी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार सक्तीची असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. पोलिसांनाही माहिती द्यावी लागते.

आठवणीने डोळे भरणे स्वाभाविक आहे. पण सलग दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास राहिले, झोप-भूक गेली, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, तर ते नैराश्य असू शकते आणि डॉक्टरांना दाखवावे. जगणे नको वाटू लागले तर दोन आठवडेही थांबू नये. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक विनामूल्य आहेत.

पहिल्या सुट्टीत मूल परतते तेव्हा पुन्हा एकदा ठेच लागते. ते दुपारी झोपते, रात्री जागते आणि मित्रांकडे जाते. पहिले तीन दिवस नातेवाइकांना बोलावू नये. त्याच्या आवडीचे सगळे पदार्थ एकाच दिवशी करू नयेत, रोज एक करावा.