घरगुती वायफाय राउटरची इंटरनेट जोडणी

सेवादात्याकडून घरात आलेली एकच इंटरनेट जोडणी मोबाइल, संगणक, टीव्ही अशा अनेक उपकरणांना एकाच वेळी वापरता यावी म्हणून राउटरमध्ये करायची मांडणी. तिचे दोन भाग पडतात : राउटरपासून सेवादात्यापर्यंतचा बाहेरचा आणि राउटरपासून उपकरणांपर्यंतचा आतला. मोबाइलवर वायफायची खूण पूर्ण दिसते, पण खाली ‘इंटरनेट नाही’ असे येते, तेव्हा आतला भाग ठीक असतो आणि दोष बहुधा बाहेरच्या भागात असतो. एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मी शोधाशोध वाचते.

बाहेरून आलेली तार राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या खाचेत लावायची. हा पोर्ट बहुतेकदा वेगळ्या रंगाचा असतो. ती तार चुकून लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या खाचेत गेली, तर नुकसान आपल्यापुरतेच राहते असे नाही. इमारतीतला स्विच (अनेक घरांच्या तारा जोडणारा डबा) सामायिक आणि साधा असेल, तर आपला राउटर शेजाऱ्यांच्या उपकरणांनाही पत्ते (जाळ्यातले ओळखीचे आकडे, आयपी) वाटू लागतो आणि त्यांचे इंटरनेट बंद पडू शकते. फायबर जोडणीत राउटरच्या आधी ओएनटी हे प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारे उपकरण लागते. अनेकदा दोन्ही एकाच डब्यात असतात. फायबरची तार कोपऱ्यात घट्ट वाकवली की प्रकाश गळतो आणि ‘लॉस’चा लाल दिवा लागतो. मग सेटिंग कितीही बदलले तरी उपयोग होत नाही.

मांडणीचे पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ अशा पत्त्यावर उघडते. नेमका पत्ता राउटरच्या तळाच्या स्टिकरवर छापलेला असतो. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले असल्याने लाखो घरांत तेच असूनही गोंधळ होत नाही. बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी स्वतःचा पत्ता लावतो. या क्रियेला नॅट म्हणतात.

पुढे जोडणीचा प्रकार निवडायचा. डीएचसीपीत पत्ता आपोआप मिळतो, स्थिर आयपीत तो हाताने भरावा लागतो. भारतात फायबर आणि स्थानिक केबल सेवांमध्ये पीपीपीओई फार आढळते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत ग्राहकाचे युजरनेम व पासवर्ड लागतात. तिची ८ बाइटची भर धरून एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याचा कमाल आकार, १५०० ऐवजी १४९२ बाइट ठेवतात. तो चुकला, तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात. काही सेवादाते जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवून ठेवतात. नवा राउटर लावल्यावर त्यांना कळवावे लागते किंवा जुना मॅक पत्ता नव्या राउटरला देणारे ‘मॅक क्लोन’ वापरावे लागते.

वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ मध्ये आलेले डब्ल्यूपीए३ निवडावे. जुने डब्ल्यूईपी सहज फुटते, ते वापरूच नये. वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झचा पल्ला लांब, ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त. दाट वस्तीत २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनल (पट्ट्याचा उपभाग) घ्यावे. मांडणीच्या पानाचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. बारीक छिद्रातले रिसेट बटण काही सेकंद दाबून धरले, की पीपीपीओईच्या तपशिलासह सगळे पुसले जाते. म्हणून ते तपशील जोडणी घेतानाच मागून घरी लिहून ठेवावेत.